‘माहीत नाही’चा रंग जांभळा

बाबांना कुणी विचारलं, "तुमची लेक बंगळूरला काय करते?" तर ते म्हणतात, "झाकण उघडते आणि लावते." विचारणाऱ्याचा चेहरा जरा पडू देतात आणि मग सावकाश पुढचं सांगतात. झाकण म्हणजे दुर्बिणीचं. दुर्बीण म्हणजे जत्रेतली नव्हे. लांब डोंगरावर बसवलेली, मोठ्या घुमटात ठेवलेली. त्या घुमटाचं झाकण कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे ज्या कॉम्प्युटरला कळावं लागतं, त्याला आमची लेक शिकवते. एवढं सांगून झालं की बाबा अशा थाटात चहाचा घोट घेतात, की जणू तो डोंगरही आम्हीच उचलून तिथं नेऊन ठेवलाय.

त्यात खोटं काही नाही. नोकरीची बहुतेक वर्षं मी झाकणातच घालवली. आमची संस्था बंगळुरात, दुर्बीण हजारो फूट वर, आणि इथं आम्ही पाच-सहा जण एका खोलीत टेबलावर लुटुपुटीचा घुमट मांडून त्याच्यावर लुटुपुटीचा पाऊस पाडत बसतो. टेबलावर जे चुकेल ते तिथं डोंगरावर चुकू नये, एवढंच आमचं काम.

चुकलं तर काय होईल, तर आरसा जाईल. दुर्बिणीचा आरसा म्हणजे नव्या सुनेच्या माहेरच्या काचेच्या भांड्यांसारखा. शिंतोडा चालत नाही, दव चालत नाही, धूळ चालत नाही. म्हणून घुमटावर हवेतली ओल मोजणारी तीन उपकरणं बसवलेली असतात. तीन अशासाठी, की एकट्याच्या शब्दावर विसंबायचं नाही. दोघं म्हणाले ओल आहे, की झाकण लागतं. तिसरा काय वाट्टेल ते म्हणो. आमच्या घरात दिवाणखान्याच्या पडद्यांचा रंग अगदी असाच ठरला होता. तिसरी मी होते.

पण तिघांचं भांडण ही सोपी गोष्ट. अवघड गोष्ट वेगळीच आहे. उपकरण काही बोललंच नाही तर काय समजायचं? तार तुटते, वीज जाते, बर्फ साचून उपकरणाची वाचा बसते. अशा वेळी झाकण लावून घ्यायचं, यावर सगळ्यांचं एकमत. पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर काय दाखवायचं? हिरवा म्हणजे कोरडं, लाल म्हणजे ओलं. आणि काहीच कळत नसेल तर? बाकीचे म्हणाले, लाल दाखवू या की, झाकण लावायचंच आहे ना! मी म्हटलं, मुळीच नाही. माहीत नसणं ही एक वेगळी अवस्था आहे, तिला तिचा रंग पाहिजे. मी जांभळा निवडला, कारण जांभळ्या रंगावर कुणाचा जीवही नव्हता आणि रागही नव्हता. त्या जांभळ्यासाठी मी इतक्या बैठकांत इतकी भांडले, की माझं नावच पर्पल मॅडम पडलं. पाठीमागे म्हणायचे, मग समोरच म्हणायला लागले. मला ते आवडायचं. खरं तर फारच आवडायचं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकमेकांचे प्रोग्रॅम बघण्याचा, तपासणीचा एक दिवस होता. महादेवपुऱ्याच्या आयटी पार्कातली मोठी नोकरी सोडून आमच्याकडे आलेला एक सहकारी आहे. चांगला हुशार, चाळिशीला टेकलेला. त्याच्या प्रोग्रॅममध्ये मला दिसलं की उपकरण गप्प झालं की तो सरळ ‘पाऊस’ असं लिहून मोकळा होतो.

"हे काय?" मी विचारलं.

"मॅडम, झाकण तर बरोबर लागतंय ना?"

"झाकण लाव म्हणून सांग. पण पाऊस पडला असं का लिहितोस? पडला का पाऊस?"

"माहीत नाही."

"मग माहीत नाही असं लिही! आपलं उपकरण मुकं झालं म्हणून ढगावर आळ घ्यायचा नाही."

आम्ही बोलतो हिंदी-इंग्रजीच्या काल्यात. मराठीत सांगताना जरा जास्तच ठसक्यात येतंय. पण ठसका तेव्हाही होताच. खोलीतले सगळे हसले, तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. संध्याकाळी घरी येऊन मी हे वाक्य बाबांना ऐकवलं. बाबा म्हणाले, "वा! ढगावर आळ. झकास." आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या अण्णांना ते वाक्य स्वतःचं म्हणून सांगितलं.

आता बाबांचं सांगते. आई गेल्यावर बाबा मिरजेच्या घरी दीड-दोन वर्षं एकटे राहिले आणि मग मी त्यांना बंगळुरात, के. आर. पुरमला आमच्याकडे घेऊन आले. ‘घेऊन आले’ हा माझा शब्द. बाबा म्हणतात, "हवापालट करायला आलोय." मिरजेचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे लिंबाचं झाड, पण त्यांचे सकाळचे फिरायला जायचे मित्र तिथले, वाचनालय तिथलं, दाढी करणारा तिथला. बाबांचं आमच्याशी बोलणं झालं होतं, की पावसाळा सरला की ते मिरजेला जाऊन राहणार. एकटे. मी आणि पुण्याला असलेला माझा धाकटा भाऊ, आम्ही दोघांनीही ‘बघू’ म्हटलं होतं. मुलांनी ‘बघू’ म्हटलं की त्याचा अर्थ काय होतो हे बाबांना ठाऊक होतं, कारण आम्ही लहान असताना ते हाच शब्द वापरायचे. तरी त्यांनी प्रवासाची पिशवी आणून ठेवली होती, कपाटाच्या खालच्या कप्प्यात.

इथं त्यांचा दिवस म्हणजे दुपारचा चहा. मी आणि नवरा कामावर गेलो की घर त्यांचं. दुपारची झोप झाली की बाबा स्वतः चहा करायचे आणि शेजारचे अण्णा यायचे. अण्णा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातले. त्यांची मराठी ऐकून बाबांना पहिले आठ दिवस वाटत होतं की ते कानडी बोलतायत, आणि अण्णांना बाबांच्या मराठीबद्दल काय वाटत होतं ते त्यांनी सभ्यपणे सांगितलं नाही.

"स्वल्पच घाला साखर," अण्णा म्हणायचे.

"स्वल्प म्हणजे किती? तुमच्या स्वल्पात माझे दोन चमचे जातात."

"सरी, सरी, तर दोन घाला."

एकदा चहा उकळताना गप्पा रंगल्या आणि शेजारच्या शेगडीवरचं दूध करपलं. पातेलं काळं, घरभर वास. हे खरंच घडलं, त्याबद्दल कुणाचं दुमत नाही. बाबांनी स्वतः पातेलं दाखवलं. पण माझ्या डोक्यात घंटा वाजली. चूक झाली, की ती पुन्हा होऊ नये म्हणून काय बसवायचं, असाच विचार करायची मला सवय. नवरा म्हणाला, "टायमर आण एखादा, शंभर रुपयांचा." पण टायमर आणणाऱ्या बायकांना कुणी पर्पल मॅडम म्हणत नाही.

एका रविवारी मी एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन सामान आणलं आणि ओट्यावर पसरलं. तीन साक्षीदार: शेगडीचं बटण फिरलं की सांगणारं लोहचुंबकाचं एक, वरची उष्णता मोजणारं एक, आणि गॅसचा वास ओळखणारं एक. तिघांपैकी दोघं ‘चालू’ म्हणाले आणि ठरल्यापेक्षा जास्त वेळ म्हणत राहिले, की आमच्या फोनवर निरोप. अगदी घुमटासारखं. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "चहा मिळणार आहे का आज, का आरसा बसवून झाल्यावर?" त्याला गप्प करण्यासाठी मी शेवटचा भाग घाईत उरकला. उपकरणं काहीच बोलली नाहीत तर? तर धोका समजायचा. निरोप पाठवायचा. आहेच आपलं तत्त्व.

आणि निरोपाचं वाक्य लिहिलं: "बाबांनी गॅस चालू ठेवला आहे."

दुर्बिणीच्या निरोपात मी कधी कुणा माणसाचं नाव घालू दिलेलं नाही. घरच्या निरोपात पहिला शब्द बाबा. त्या वेळी मला ते गोड वाटलं होतं.

निरोप जायचा तो मी, नवरा आणि भाऊ अशा तिघांच्या ग्रुपवर. ग्रुपचं नावही ‘बाबा’. त्या ग्रुपमध्ये नसलेला घरातला एकच माणूस म्हणजे बाबा.

पहिले काही दिवस शांततेत गेले. मग एका दुपारी प्रयोगशाळेत असताना फोन वाजला. बाबांनी गॅस चालू ठेवला आहे. मी लगेच घरी फोन लावला.

"बाबा, गॅस बघा आधी."

ते जाऊन बघून आले. "बंद आहे गं."

"आत्ता केलात ना बंद?"

ते पुन्हा एकदा बघून आले. मग म्हणाले, "केला असेल."

हे असं पुन्हा झालं. मग पुन्हा. कधी आठवड्यातून एकदा, कधी लागोपाठ. निरोप आला की भाऊ पुण्याहून लिहायचा, ‘परत?’ आणि पुढे कपाळावर हात मारलेलं चित्र. एकदा मी फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, आत्ताच लाइट जाऊन आले. पंखा थांबला म्हणून मी जागा झालो. चहा अजून केलाच नाही." मी म्हटलं, "बाबा, मी गॅसचं विचारतेय, पंख्याचं नाही." माझा हा आवाज मला ओळखीचा आहे. तपासणीच्या दिवशी मी तो वापरते.

आमच्या भागात दुपारी लाइट जातात. कुणीतरी कुठेतरी खणत असतं. इमारतीचा जनरेटर दोन-चार सेकंदांत सुरू होतो, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्याही येत नव्हतं.

बाबा बदलत गेले, ते मी बघत होते आणि चुकीचं वाचत होते. आधी त्यांनी दूध तापवणं सोडलं. मग चहा. अण्णा तरी यायचेच. मग अण्णाच घरून थर्मास घेऊन यायला लागले. मी म्हटलं, बरं झालं, सुरक्षित आहे. बाबा ग्लास कुठे ठेवला, चष्मा कुठे ठेवला, हे आधीही विसरायचे आणि स्वतःवरच हसायचे. आता हसत नव्हते. आपण स्नानाला गेलो होतो का, हे मला विचारायचे, ओल्या केसांनी. एकदा मी त्यांना सहज म्हटलं, "काल तर निरोप आला नाही, बरं का." शाबासकी म्हणून म्हटलं. ते म्हणाले, "मला कळत नाही ना पण. मला वाटतं मी बंद केला. तुझं यंत्र म्हणतं नाही केला. मग माझ्या वाटण्याला काय अर्थ?"

मी म्हटलं, "असू दे बाबा, वय होतं." आणि मनातल्या मनात यंत्राच्या कौतुकाने थोडी फुगलेही. एवढं तरी कबूल करायला हवं.

पावसाळा सरत आला. पिशवीचा विषय कुणी काढेना. शेवटी बाबांनीच काढला, उलट्या बाजूने. म्हणाले, "मिरजेचं घर भाड्याने द्या. ओळखीतलं एक कुटुंब विचारत होतं. मी तिकडे एकटा बरा नाही." भावाने फोनवर सुटकेचा श्वास सोडलेला मला ऐकू आला, आणि त्याला माझा ऐकू आला असणार. तो म्हणाला, "येतो मी कागद घेऊन. बाबांशी समोरासमोर बोलू."

तो यायचा होता त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचा सिलिंडर संपला. रिकामा सिलिंडर बाबांनीच नळी सोडवून बाजूला लावला, रेग्युलेटर मला दाखवून म्हणाले, "हा बघ, काढला, इथं ठेवला." भरलेला येणार होता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सकाळी आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलातून इडली-वडा आणला, कॉफीही तिथलीच, आणि तिघंही गाडीत बसून देवनहळ्ळीला विमानतळावर निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लेक आणि जावई असले तरी मुलाला घ्यायला जायचं म्हणजे वेगळं असतं.

भावाचं विमान उतरलं होतं. आम्ही बाहेरच्या कठड्याला टेकून उभे होतो तेवढ्यात माझा फोन वाजला, नवऱ्याचा वाजला. बाबांनी गॅस चालू ठेवला आहे.

मी फोनकडे बघत होते. काहीतरी चुकतंय एवढंच कळत होतं, काय ते अजून नाही. तेवढ्यात भाऊ बॅग ओढत बाहेर आला. आत फोन चालू केला असणार, त्यालाही निरोप मिळालेला. बाबांच्या पाया पडायला वाकला आणि सरळ होता होता हसत म्हणाला, "काय हो बाबा, आज पण?"

आणि बाबा म्हणाले, "हो रे. राहिला वाटतं. निघायच्या गडबडीत. चुकलं माझं."

माझे वडील माफी मागत होते. घरात सिलिंडर नव्हता. नळी त्यांनी स्वतः सोडवली होती. सकाळपासून ते स्वयंपाकघरात गेलेच नव्हते. तरी ते विमानतळाच्या फुटपाथवर, इस्त्रीच्या शर्टात, मुलाची आणि मुलीची माफी मागत होते, कारण मी बनवलेलं यंत्र तसं म्हणत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "सिलिंडर कालच संपलाय ना?"

ते माझ्याकडे बघत राहिले. आठवत होते. मग हळूच म्हणाले, "हो की. पण मग ते तसं कसं म्हणेल?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो एरवी अशी संधी सोडत नाही. त्या दिवशी त्याने सोडली आणि बॅग उचलून गाडीकडे चालायला लागला.

परतीच्या वाटेवर भाऊ मागे बसून माझ्या यंत्राची स्तुती करत होता. "ताई, हे नसतं तर आपल्याला कळलंच नसतं गं. कमाल आहे तुझी." सिलिंडरचं बोलणं बॅगेच्या गडबडीत त्याने ऐकलंच नव्हतं आणि मी सांगत नव्हते. देवनहळ्ळीपासून घरापर्यंत ही वाट किती लांब असू शकते! बाहेर शेतांत नवे प्लॉट पाडलेले, प्रत्येकाला वेगळा रंग फासलेले दगड. मी दगड बघत होते. मला तोपर्यंत सगळं समजलं होतं. माझ्याइतकं लवकर ते कुणालाही समजलं नसतं, कारण हीच चूक मी दुसऱ्याच्या कामात शोधून शोधून काढते.

घरी पोहोचल्यावर मी चप्पलही काढली नाही. दाराजवळचा मेन स्विच खाली केला आणि वर केला.

"काय करतेस?" भाऊ म्हणाला.

"थांब."

यंत्र बंद पडून पुन्हा जागं होत होतं. वास ओळखणाऱ्या उपकरणाला आधी गरम व्हावं लागतं, तोवर ते बोलत नाही. बाकीची दोघंही त्याच बोर्डाला जोडलेली. तिन्ही साक्षीदार एकाच प्लगवर जेवणारे. तिघं गप्प. आणि तिघं गप्प असले तर काय समजायचं, ते मी एका रविवारी, चहाच्या घाईत, लिहून ठेवलं होतं.

टिंग. टिंग. टिंग. तिघांच्या खिशांत. बाबांनी गॅस चालू ठेवला आहे.

बाबा सोफ्यावर बसले होते, माझ्या समोर, गॅसपासून एक खोली दूर.

मी सगळं सांगितलं. लाइट गेले की यंत्राला काही कळत नाही. आणि कळत नाही, असं म्हणायला मी त्याला शिकवलंच नाही. भाऊ आधी समजला नाही, मग समजला, आणि मग बराच वेळ स्वतःच्या फोनवर मागे मागे जाऊन कपाळावर हात मारलेली आपलीच चित्रं बघत बसला.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "म्हणजे मी विसरत नव्हतो?"

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी लिहू शकत नाही. पाहिजे होतं ते उत्तर माझ्या जिभेवर होतं. ‘नाही बाबा, कधीच नाही.’ भाऊही डोळ्यांनी तेच सांगत होता, म्हण ना! पण काही निरोप विजेचे असतील, काही खरे असतील. दोन्हीचं वाक्य एकच, रंग एकच. वेगळं काढायला मी जागाच ठेवली नव्हती.

"माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

ते मान हलवत राहिले. माझा हा शब्द त्यांच्या ओळखीचा होता. "जांभळा," ते म्हणाले.

मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. भाऊ घाईघाईने म्हणाला, "बाबा, मी त्या लोकांना नाही म्हणून सांगतो. कागद फाडून टाकतो. तुम्ही दिवाळीच्या आधी मिरजेला चला, मी सोडायला येतो."

बाबांनी जरा विचार केला. "नको," म्हणाले. "दे त्यांना घर. लहान पोरं आहेत त्यांची, लिंबाखाली खेळतील."

"अहो पण आता तर कळलं ना, तुमची चूक नव्हती..."

"तिला माहीत नाही म्हणते ती. मलाही नाही. तिकडे एकटा असलो की मी दर घटकेला उठून गॅस बघत बसेन. इथं निदान विचारायला कुणी आहे."

एवढं बोलून ते आत गेले. कपाटाच्या खालच्या कप्प्याचं दार वाजलं. पिशवी बाहेर काढून त्यांनी भावाला दिली, "तुला होईल, तुझ्या बॅगेची चेन गेलीय."

यंत्र मी त्याच दिवशी काढलं. ग्रुपही मोडला. टायमर आणला, शंभर नाही, दीडशेला पडला. नवऱ्याने त्यावर काही म्हटलं नाही, हे मी त्याच्या नावावर कायमचं जमा केलंय.

पुढच्या महिन्यात संस्थेत मोठी तपासणी होती, बाहेरून माणसं आली होती. जांभळ्या रंगाबद्दल बोलायचं काम अर्थातच माझं. दरवर्षी मी ते हातवारे करून बोलते. या वेळी मी म्हटलं, "एका ठिकाणी असं झालं, की माहीत नसणं आणि धोका असणं एकाच निरोपात घातलं गेलं. बरेच महिने चुकीचा दोष लागत राहिला. दोष ज्याला लागत होता, त्याला शेवटी तो पटलासुद्धा."

आयटी पार्कवाल्या सहकाऱ्याने हात वर केला. "कुठली साइट, मॅडम?"

"छोटी आहे. के. आर. पुरमच्या बाजूला."

"ज्याने हे लिहिलं त्याला घुमटाच्या जवळपास फिरकू देऊ नका," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. मग पडद्यावर पुढची स्लाइड दाखवली. अजून मी त्याला सांगितलेलं नाही. रोज एकाच टेबलावर डबा खातो आम्ही.

बाबा आता पुन्हा चहा करतात. अण्णांनीच हट्ट धरला; थर्मास आणायचं बंद केलं आणि म्हणाले, "तुमच्या हातचा मिळत नसेल तर मी येत नाही, सरी?" बाबा चहा करतात, टायमर वाजतो, गॅस बंद करतात. मग दाराशी जातात आणि परत येऊन बटणाला हात लावून बघतात. बसतात, उठतात, पुन्हा हात लावतात. अण्णा म्हणतात, "अहो, किती वेळा बघताव? गॅस पळून जाईल का?" बाबा हसतात. पण उठतात.

परवा दुपारी प्रयोगशाळेतून मी घरी फोन केला. टेबलावरच्या घुमटाचा एक भाग कुरिअरने चुकून घरच्या पत्त्यावर गेला होता, तो आला का ते विचारायचं होतं. फोन लगेच उचलला गेला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आत बाबांचा आवाज आला, थोडी धाप लागलेला.

"बंद आहे गं. आत्ताच बघून आलो."